सामानाजवळ कोण बसणार?

मोठ्या हॉस्पिटलची लाँड्री तुम्ही आतून पाहिली नसेल. कशाला पाहाल? आपल्याला पांढरी स्वच्छ चादर अंथरलेली मिळाली की झालं. ती कुणी धुतली, कुणी घडी घातली, विचारतंय कोण. म्हणून मीच सांगते. यंत्रातून चादरी निघतात त्या गरम, वाफाळत्या, आणि एकटीच्या हातात मावणार नाहीत एवढ्या लांब. एका टोकाला एक बाई लागते, दुसऱ्या टोकाला दुसरी. दोघी चादर ताणतात, झटकतात, एकमेकींकडे चालत येतात, टोकाला टोक लावतात आणि पुन्हा मागे सरतात. लांबून बघणाऱ्याला वाटावं, नाच चाललाय.

या लाँड्रीतल्या घडीच्या खोलीत पाच बाया होत्या. चौघींच्या दोन जोड्या, आणि पाचवी गठ्ठ्याशी. घडी झालेली चादर तिच्याकडे यायची, ती एकावर एक रचायची, गठ्ठा बांधायची. पाचवी कोण, हे कधी कुणी ठरवलं नव्हतं. पहिल्या दिवशी ती नवीन होती म्हणून तिथे उभी राहिली, आणि तिथेच राहिली. खुर्ची एकदा कोपऱ्यात ठेवली की ती कोपऱ्याचीच होते, तसं झालं.

तिला सगळ्या तिजोरी म्हणायच्या. कामाला लागताना अंगठ्या, घड्याळं, फोन काढून ठेवावे लागत. ते सगळं हिच्या एप्रनच्या मोठ्या खिशात जायचं. कुणाचं नवऱ्याशी वाजलं, कुणाची सासू काही बोलली, की तेही हिच्याच कानात. आत गेलं ते बाहेर यायचं नाही. बाई सोन्यासारखी, यात वाद नाही. पण तिजोरीला कधी कुणी विचारतं का, बाई, तुला स्वतःला काय हवंय?

तर त्या वर्षी तिजोरीच्या सुनेला जुळं झालं. मुलगा दूरच्या शहरात. त्याचा फोन आला, "आई, आता नोकरी सोड आणि कायमची इकडेच ये. दोन दोन बाळं आहेत, आम्हाला सुधरत नाहीये. चालेल ना तुला?"

"चालेल की," तिजोरी म्हणाली. तिला सगळंच चालायचं.

घडीच्या खोलीत ही बातमी आली तेव्हा चौघींच्या हातातल्या चादरी तशाच राहिल्या. मग सगळ्यांच्या आधी मुकादमीण बोलली. ही त्या खोलीतली मोठी बाई. आवाज असा की यंत्राचा खडखडाटही तिच्यापुढे दबायचा. "नुसता चहा पाजून तिला घालवायची नाही," ती म्हणाली. "एक दिवस सगळ्यांनी सुट्टी टाकायची आणि मजा करायची. कुठं जायचं ते तिलाच विचारा."

"तुम्हाला आवडेल तिथं," तिजोरी म्हणाली.

"बघा, हिचं हे असं," मुकादमीण म्हणाली. "धाकटे, तू सांग."

धाकटी म्हणजे खोलीतली सगळ्यात लहान, नुकतं लग्न झालेली, कशालाही हसणारी. ती लगेच म्हणाली, "थीम पार्क. गावाबाहेरचं. तिथं ती लाल राईड आहे ना, उलटीपालटी होणारी."

ठरलं. आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, पण तिजोरीच्या हातातली चादर त्या वेळी वाकडी ठेवली गेली. तिच्या हातून चादर वाकडी जात नसे. त्याचं कारण असं की कामावर येणारी तिची बस रोज त्या पार्कवरून यायची. खिडकीतून ती लाल राईड दिसायची. गाडी कुरकुरत वर चढते, माथ्यावर क्षणभर थांबते आणि मग खाली कोसळते. बसमध्ये दुसरीकडे जागा रिकामी असली तरी तिजोरी त्याच बाजूच्या खिडकीसाठी उभी राहायची. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. इतरांचं सगळं तिच्यापाशी होतं, तिचं मात्र कुणापाशी नव्हतं.

सहलीच्या दिवशी पाचही जणी अशा नटून आल्या की हॉस्पिटलच्या दारवानानं ओळखलं नसतं. लांबीनं, म्हणजे सगळ्यात उंच जिनं, डोक्यावर भली मोठी टोपी घातली होती, त्यामुळे ती आणखी लांब दिसत होती. चष्मेवालीनं दोन चष्मे आणले होते, एक हरवला तर दुसरा असावा म्हणून. मुकादमिणीनं एवढे डबे आणले होते की धाकटी म्हणाली, "मावशी, आपण राहायला चाललोय का?"

"बोलू नकोस. भूक लागली की माझ्याकडेच येशील," मुकादमीण म्हणाली.

दारावर एका पोरानं प्रत्येकीच्या मनगटाला रंगीत पट्टी बांधली. "ही हरवू नका," तो म्हणाला. "याच पट्टीनं लॉकर उघडतो, एका गटाला एक. तिकिटातच आहे. सामान तिथं ठेवा आणि निवांत फिरा."

"लॉकर कशाला आम्हाला?" मुकादमीण म्हणाली. "आमची तिजोरी सोबत आहे."

चौघी हसल्या. आणि सगळ्यात मोठ्यानं कोण हसलं सांगू? तिजोरीच. हेच तर मला सांगायचंय, म्हणून हे हसू लक्षात ठेवा.

आत गेल्यावर चौघींची जी धांदल उडाली, ती काय सांगावी. कुठं संगीत वाजतंय, कुठं पाण्याचा फवारा अंगावर येतोय, कुठं वरून माणसांच्या किंकाळ्या. धाकटी एकीकडे ओढतेय, लांबी दुसरीकडे. पहिल्यांदा त्या फिरत्या कपबशांच्या राईडकडे गेल्या. माणसांएवढे कप, त्यात बसायचं आणि गरागरा फिरायचं. "दोघी-दोघी बसा," तिथला माणूस म्हणाला.

झालं. दोघी-दोघी म्हटल्याबरोबर पायांनी आपोआप काम केलं. मुकादमीण आणि लांबी एका कपात, चष्मेवाली आणि धाकटी दुसऱ्या कपात. लाँड्रीत जशा जोड्या, तशाच इथेही. आणि पाचवी? मुकादमिणीनं जाता जाता डब्यांची पिशवी तिजोरीच्या हातात दिली, लांबीनं टोपी दिली, चष्मेवालीनं दोन्ही चष्मे दिले.

"तू बसतेस का गं?" मुकादमिणीनं कपात बसून विचारलं.

"नको, मला गरगरतं. तुम्ही बसा," तिजोरी म्हणाली आणि बाकावर जाऊन बसली.

मग झोपाळ्यांची राईड झाली. मग भुतांचं घर झालं, त्यातून धाकटी रडत रडत हसत बाहेर आली. मग चेंडू मारून डबे पाडायचा खेळ झाला, त्यात लांबीनं एक कापसाचं अस्वल जिंकलं. प्रत्येक वेळी तिजोरीची मांडी भरत गेली. पिशव्या आल्या, टोपी आली, झोपाळ्यांसाठी काढलेल्या चपला आल्या, अस्वल आलं. धाकटी "एक मिनिट धर गं मावशी" म्हणून आइस्क्रीम देऊन गेली, ते एक मिनिट काही संपेना. आइस्क्रीम वितळून तिजोरीच्या मनगटावरून कोपरापर्यंत आलं. तिनं ते चाटलंही नाही. दुसऱ्याचं होतं ना.

अहो, ज्या बाईसाठी सहल काढली, ती बाई बाकावर. आणि चार शहाण्यांच्या डोक्यात येत नाही.

त्यानंतर चौघी पाण्याच्या होडीकडे पळाल्या. तिथं रांग लांब होती. तिजोरीनं एक बाक शोधला आणि सामानाचा डोंगर घेऊन बसली. मान वर केली आणि बघतच राहिली. बाक बरोबर त्या लाल राईडसमोर होता. बसच्या खिडकीतून काड्यापेटीएवढी दिसणारी ती राईड आता डोक्यावर उभी होती. गाडी वरून आली की वाऱ्यानं बाकापर्यंत केस उडत होते. तिजोरी प्रत्येक गाडीबरोबर मान वर नेत होती आणि खाली आणत होती. गाडी कोसळली की तिचे हात अस्वलाला आवळून धरत होते.

तेवढ्यात फोन वाजला. मुलाचा.

"आई, पुढच्या शनिवारचं तुझं तिकीट काढतोय. खोली सोडायचं घरमालकाला सांगितलंस ना?"

"सांगते."

"आणि नोकरीचं?"

"तेही सांगते."

"तू खूश आहेस ना आई?"

"हो तर," तिजोरी म्हणाली. फोन ठेवला आणि अस्वलाच्या डोक्यावर हनुवटी टेकवून बसली.

"मुलगा का?" शेजारून आवाज आला.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारी बसली होती. केस पांढरे, पायात मात्र लालभडक बूट, पळायच्या शर्यतीत घालतात तसले. सगळं संभाषण तिनं कान देऊन ऐकलं होतं आणि ते लपवायची तिला काही गरज वाटत नव्हती.

"हो," तिजोरी म्हणाली. "कायमची राहायला बोलावतोय. नशीब लागतं त्याला."

"मग नशिबाचं तोंड असं उतरलेलं का?"

तिजोरीला हे आवडलं नाही. तिनं विषय बदलला. "तुमची माणसं कुठं आहेत, आजी? तुम्हालाही इथंच बसवून गेली का?"

"मला कोण बसवतंय?" म्हातारी म्हणाली. "लेक आणि नातवंडं त्या घसरगुंडीला गेलीत. मी आत्ताच ह्या लाल राईडवरून उतरलेय. जरा दम खातेय."

तिजोरीनं तिच्याकडे पाहिलं, मग राईडकडे, मग पुन्हा तिच्याकडे. "तुम्ही ह्यात बसलात?"

"बसायला नाही तर काय झाडलोट करायला आलेय?"

"मग तुमचं सामान कोण बघतंय?"

म्हातारीनं मनगटावरची पट्टी दाखवली. "ते लॉकरात आहे. सामानाला पाय नसतात, ते आहे तिथं राहतं." मग ती तिजोरीच्या मांडीकडे बघत म्हणाली, "तू का नाही बसलीस?"

"मला गरगरतं."

"कशात बसली होतीस तेव्हा गरगरलं?"

तिजोरी आठवायला लागली. आठवून आठवून काही सापडेना.

"बसलीच नाहीस कधी," म्हातारी म्हणाली. "मग गरगरतं हे कळलं कसं तुला?"

"तसं म्हणायची सवय झालीय."

"म्हणजे खोटं बोललीस."

तिजोरीचा चेहरा लाल झाला. "तोंड सांभाळा आजी. मी आजवर कुणाशी खोटं बोललेली नाही. विचारा माझ्या मैत्रिणींना. अख्ख्या लाँड्रीचे दागिने माझ्या खिशात असतात."

"दागिन्यांचं कोण बोलतंय? त्या पोरी तुला विचारत असतील, बसतेस का. तू म्हणतेस, नको. त्या बिचाऱ्या खरं मानतात, कारण तू खोटं बोलत नाहीस हे त्यांना पक्कं ठाऊक. आणि मग तू इथं बसून मनात म्हणतेस, बघा, माझा कुणी विचार करत नाही. म्हणतेस की नाही?"

तिजोरी अस्वलाचा कान चुरगळत राहिली.

"आता मुलाशीही तेच केलंस. तो विचारतोय, खूश आहेस का. तू म्हणालीस, हो तर. मला नुसत्या आवाजावरून कळलं, पण त्याला कसं कळावं? तो पोटचा असला म्हणून काय पोटात शिरून बघणार आहे?"

"पण बाईनं असं तोंड वर करून मागायचं का? मला हे हवं, मला ते नको? बरं दिसतं का?"

"नाही दिसत बरं," म्हातारी म्हणाली. "म्हणून तर बघ."

तिनं बोट केलं. राईडभोवती बाकांची रांग होती. प्रत्येक बाकावर कुणीतरी बसलेलं. कुणाची आई, कुणाची आत्या, कुणाची वहिनी, एका बाकावर एक म्हातारा सासराही. प्रत्येकाच्या मांडीवर पिशव्या, बाटल्या, दुसऱ्यांचे बूट. आणि प्रत्येकाची मान वर. गाडी चढली की सगळ्या माना चढत होत्या, गाडी कोसळली की सगळ्या माना खाली येत होत्या. सगळी मंडळी मजेला नव्हे, पहाऱ्याला आणून बसवल्यासारखी.

"यातल्या कितीजणांना खरंच गरगरतं असेल?" म्हातारीनं विचारलं.

तिजोरी त्या रांगेकडे बघत राहिली. आपण लांबून कसे दिसतो हे माणसाला एरवी कळत नाही. तिला तेव्हा कळलं.

"तुम्ही आधीपासून अशाच का हो?" तिनं हळूच विचारलं.

"छे गं. मी पण नको-नको करतच म्हातारी झाले. मग दात पडले. हे नवे बसवलेत." तिनं ते दाखवले. "जुन्यांना नको म्हणायची सवय होती. हे नवे आहेत, हे हो म्हणतात."

तिजोरीला हसू आलं. हसता हसता डोळ्यांत पाणीही आलं, ते तिनं अस्वलाला पुसलं.

इतक्यात चौघी होडीतून भिजून, चिंब होऊन, आरडत-ओरडत आल्या. केस गालाला चिकटलेले, तोंडं फुललेली. मुकादमिणीनं ओला रुमाल तिजोरीच्या खांद्यावर टाकला आणि वर बघत म्हणाली, "आता ही लाल. चला गं, दोघी-दोघी. तिजोरे, हे माझं घड्याळ धर, पाणी गेलंय त्यात."

तिजोरीनं घड्याळ घेतलं नाही.

"मला बसायचंय."

"कशात?"

"ह्यात. लाल राईडमध्ये."

चौघी एकमेकींकडे बघायला लागल्या. जणू यंत्रातून चादरीऐवजी मांजर निघालं.

"तुला?" मुकादमीण म्हणाली. "अगं, तुला गरगरतं ना?"

"नाही गरगरत. मी आपलं म्हणायचे तसं."

"मग आधी सांगायचंस."

"आता सांगतेय."

"पण मग," मुकादमीण म्हणाली आणि तिची नजर मांडीवरच्या डोंगरावर गेली, "सामानाजवळ कोण बसणार?"

काय बाई आहे बघा. मनानं वाईट नव्हती हो. पण माणसाचा पहिला प्रश्न सांगून जातो, त्याच्या डोक्यात कोण कुठं बसलंय.

"मला का विचारतेस?" तिजोरी म्हणाली. "इतकी वर्षं मी बसले, तेव्हा कुणाला हा प्रश्न पडला नाही. आता पडलाय तर तुम्ही सोडवा."

"असं काय बोलतेस गं," मुकादमीण दुखावली. "तुझ्यासाठीच तर सहल काढली आम्ही. तुला आवडावं म्हणून."

"माझ्यासाठी काढलीत. आणि सकाळपासून मी काय बघितलं सांगू? तुमच्या चपला."

धाकटीला हसू फुटणार होतं, ते तिनं गिळलं. तिची नजर तिजोरीच्या हाताकडे गेली. कोपरापर्यंत आइस्क्रीमचा चिकट ओघळ वाळला होता.

"मावशी, ते आइस्क्रीम," ती म्हणाली, "मी विसरलेच." आणि तिचं हसू पार गेलं.

"मी तुला विचारलं होतं," मुकादमीण अजून तिथंच अडली होती. "कपात बसल्यावर विचारलं. ऐकलंय सगळ्यांनी."

"विचारलंस. पण आधी पिशवी माझ्या हातात दिलीस, स्वतः जाऊन बसलीस आणि मग विचारलंस."

मुकादमिणीनं पुढे केलेलं घड्याळ मागं घेतलं. लांबी जमिनीकडे बघत होती, चष्मेवाली चष्मा नसताना डोळे पुसत होती. शेवटी मुकादमीण खाली वाकली. तिजोरीच्या मांडीवरची एक एक पिशवी उचलून आपल्या खांद्यावर लटकवायला लागली. "खरंय तुझं," ती म्हणाली. "खरंच खरंय. जा तुम्ही चौघी. मी बसते सामानाजवळ."

"तू बसलीस की उद्यापासून तूच बसशील," तिजोरी म्हणाली. "एकदा बसलेला माणूस उठत नाही, मला माहितीय. कुणी बसायचं नाही. लॉकर आहे की."

म्हातारीनं बाकावरून टाळी वाजवली. "आता बोललीस."

पाचही जणी सामान घेऊन लॉकरकडे धावल्या. लॉकर उघडला तर हा एवढासा. अस्वलच आत जाईना, डबे तर दूरच. चौघींचे चेहरे पडले. तिजोरीनं मात्र बाह्या वर केल्या. आयुष्यभर गठ्ठे बांधलेले हात ते. डबे एकात एक गेले, पिशव्यांच्या घड्या झाल्या, टोपी अस्वलाच्या डोक्यावर बसली, अस्वल गुडघे पोटाशी घेऊन कोपऱ्यात बसलं, चष्मे त्याच्या कुशीत. फोन, घड्याळं, चपला, सगळं आत. दार लागलं. "क्लिक" असा आवाज आला, आणि तिजोरीनं दोन्ही हात समोर धरून पाहिले. रिकामे. तिला ते स्वतःचे वाटेनात.

रांगेत उभ्या राहिल्यावर धाकटी हळूच म्हणाली, "पण आपण पाच आहोत. जोड्या लागतात. एक उरणार."

"उरत नाही कुणी," मागून आवाज आला. लाल बूट रांगेत होते. "मी आहे ना सहावी. दम खाऊन झाला माझा."

आणि मग काय विचारता! तिजोरी आणि म्हातारी सगळ्यात पुढच्या बाकड्यात. मागं मुकादमीण आणि लांबी, त्यामागं चष्मेवाली आणि धाकटी. छातीवर दांडा आला, खटकन बसला. गाडी कुरकुरत चढायला लागली. पायाखालची झाडं बुटकी झाली, माणसं मुंग्यांएवढी झाली. मागून मुकादमीण म्हणत होती, "मला उतरायचंय. कुणीतरी सांगा त्याला. मी मोठी बाई आहे." कुणी लक्ष दिलं नाही.

माथ्यावर गाडी थांबली. तिजोरीला तिथून सगळं दिसलं. हॉस्पिटलच्या लाँड्रीचं धुराडं दिसलं. पलीकडचा रस्ता दिसला आणि त्यावरून जाणारी तिची रोजची बस, काड्यापेटीएवढी. खिडकीशी कुणी बसलं असेल का? तिनं दांड्यावरचा हात सोडला आणि त्या बसकडे बघून हलवला.

आणि गाडी कोसळली.

ती जी ओरडली! साऱ्या जन्माचं साठलेलं बाहेर पडावं तशी. केस आभाळात गेले, डावं-उजवं उरलं नाही, वर-खाली उरलं नाही. शेजारी म्हातारी दात आवळून हसत होती, नवे दात पडू नयेत म्हणून. गाडी उलटी झाली, सुलटी झाली, पुन्हा उलटी झाली, आणि थांबली तेव्हा तिजोरीचं नाक वाहत होतं, आणि तोंडावर असं काही होतं की चौघींनी तिला तसं कधी पाहिलं नव्हतं.

"गरगरलं का?" म्हातारीनं विचारलं.

"खूप," तिजोरी म्हणाली. "पुन्हा बसायचंय."

पण आधी ती लॉकरपाशी गेली. फोन काढला. हात अजून थरथरत होते, म्हणून तर लावला. ते थांबले असते तर धीरही गेला असता.

"बाळा," ती म्हणाली, "मघाशी मी हो म्हणाले ते खरं नव्हतं. मी येईन. तुझी बाळं बघायला जीव तुटतोय. राहीन, रात्री जागीन, सूनबाईला झोपू देईन. पण कायमची नाही यायची. मला माझं काम आवडतं, माझी खोली आवडते. नोकरी मी सोडणार नाही."

तिजोरीच्या मागं चौघी श्वास धरून उभ्या होत्या.

"आई," मुलगा म्हणाला, "हे आधी का नाही बोललीस?"

"तुला राग आला का?"

"राग नाही गं. आम्ही दोघांनी पाळणाघर बघून ठेवलं होतं. चांगलं होतं, घराजवळ. पण हिला वाटलं, तुला न बोलावता पोरं तिथं ठेवली तर तुला वाईट वाटेल. म्हणून तुला विचारलं. तू लगेच हो म्हणालीस, मग पाळणाघराला 'नको' असं कळवलं."

"म्हणजे तुम्ही माझ्यासाठी मला बोलावत होतात," तिजोरी म्हणाली, "आणि मी तुमच्यासाठी येत होते."

"आणि कुणालाच नको होतं," मुलगा म्हणाला आणि हसायला लागला. तीही हसायला लागली. आई-मुलगा असे मोकळे हसले, ते कितीतरी दिवसांनी. "उद्याच विचारतो पाळणाघराला," तो म्हणाला. "तू ये मात्र. हवी तेव्हा ये, हवी तेव्हा जा. आणि आई, मागं तो आरडाओरडा कसला चाललाय? तू आहेस कुठं?"

"सांगितलं तर खरं वाटणार नाही तुला," तिजोरी म्हणाली.

फोन ठेवला तर मुकादमीण समोर उभी, डोळे पुसत आणि रागावलेली. "म्हणजे तू जात नाहीस?"

"जाऊन येते."

"मग ही निरोपाची सहल आम्ही काढली ती फुकटच?"

"फुकट का? अजून बंद व्हायला वेळ आहे," तिजोरी म्हणाली. "चल, लांबी रांगेत जाऊन उभी पण राहिली."

दुसऱ्या दिवशी घडीच्या खोलीत चादरी आल्या तशी मुकादमीण गठ्ठ्याच्या जागी जाऊन उभी राहिली. कुणाला काही बोलली नाही. तिजोरीनं चादरीचं टोक धरलं, समोरून लांबीनं. पहिल्या काही घड्या वाकड्या झाल्या, मग हात बसला. उद्या गठ्ठ्याशी चष्मेवाली, परवा धाकटी, असं ठरलं. मुकादमिणीचा पहिला गठ्ठा तर बाजूला कलून पडला. संध्याकाळी ती कंबर धरून म्हणाली, "एवढं वाकावं लागतं होय यात? आणि तू कधी बोलली नाहीस?"

"तू कधी विचारलं नाहीस," तिजोरी म्हणाली.

दोघींचं खरं होतं. आणि तुमच्या-माझ्या घरातही दोघींचं खरं असतं, म्हणून हे सगळं लिहिलं. वाचणाऱ्या बायांनो, "मला नको, मला चालेल, माझं काय" असं म्हणत बसण्याला आपण फार मोठा त्याग समजतो. त्यातला निम्मा त्याग कुणी मागितलेलाच नसतो. आपण आपल्याच माणसांशी खोटं बोलतो आणि मग त्यांनाच दोष देतो. पहिल्यांदा विचारतील तेव्हाच खरं सांगा. जीभ झडत नाही. आणि बाप्यांनो, सुनांनो, लेकरांनो, तुम्हीही ऐका. घरातली एखादी बाई नेहमीच नको म्हणत असेल, तर त्याला तिचा स्वभाव म्हणून मोकळे होऊ नका. आधी तिच्या मांडीवरचं सामान उचला, मग तिला विचारा. उत्तर वेगळं येईल.

पुढच्या वेळी कुठं मजा करायला गेलात की वर बघून ओरडा, जरूर ओरडा. पण एकदा खाली बाकांकडेही बघा. तुमची चप्पल कुणाच्या मांडीवर आहे, तेवढं बघा. आणि त्या माणसाला हाक मारा, पुढच्या बाकड्यात जागा ठेवून.